दोन विटा, एक बिल

बार्टो गावात, कोर्टाच्या मागच्या रस्त्याला, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून मनोलीचं नाण्यांचं दुकान आहे. दार आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि समोरच्या माणसाचं तोंड नीट पाहून घेतल्याशिवाय मनोली बटण दाबत नाही. हॉलिस तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला जायचा आणि चांदीची एक वीट घ्यायचा. वीट आपली म्हणायची. दहा औंसांची, अंघोळीच्या साबणाएवढी. महिन्याच्या पेन्शनीत एक बसत होती, दोन बसत नव्हत्या, आणि जे बसत नाही ते करायचं नाही हा त्याचा जन्माचा नेम होता.

चाळीस वर्षं त्याने फॉस्फेटच्या खाणीत ड्रॅगलाइन चालवली होती. घर मावेल एवढ्या बादलीने जमीन उकरायची आणि बाजूला टाकायची, एवढंच काम. बायको व्हर्ना गेली, मुलगी नेल लग्न करून जॉर्जियात गेली, आणि घरात तो आणि पंखा असे दोघेच उरले. बँकेतले आकडे त्याला कधी आपले वाटले नाहीत. वीट हातात घेतली की तिला वजन असतं, तेवढं त्याला पुरत असे.

फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात जायची, ती म्हणजे विक्रीकर. आमच्या फ्लोरिडात तेव्हा असा कायदा होता की सोन्या-चांदीची खरेदी एका बिलात पाचशे डॉलरच्या वर गेली तर कर माफ, आणि पाचशेच्या आत राहिली तर आमच्या भागात शेकडा सात भरा. म्हणजे पेटीभर सोनं नेणाऱ्याला सलाम आणि महिन्याला एक वीट जमवणाऱ्याला दंड. हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. हॉलिस दर खेपेला वीस डॉलर जास्तीचे मोजायचा आणि मोजताना मनोलीचं डोकं खायचा.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये असंच चाललं होतं.

"दोनशे नव्वदची वीट आणि वर वीस कर. ही लूट आहे."

"पाचशेच्या वर घ्या, माफ आहे," मनोली म्हणाला.

"गरिबाने काय घर विकायचं?"

"कायदा मी नाही केला, मिस्टर हॉलिस. मी केला असता तर आधी तुमच्या बडबडीवर कर लावला असता."

मागच्या खुर्चीवर एक बाई आपला नंबर येण्याची वाट पाहत बसली होती. साठी उलटलेली, चष्म्याला साखळी, अंगात पुरुषी सदरा, मांडीवर भलीमोठी पर्स. ती म्हणाली, "मलाही एकच हवी आहे. एक आणि एक दोन होतात. दोन विटा पाचशेच्या वर जातात. मी एकतीस वर्षं शाळेत सहाशे पोरांचा स्वयंपाक केला आहे, मला बेरीज येते."

मनोलीने छताकडे पाहिलं. मग तो सावकाश म्हणाला, "एक बिल, एक नाव, पैसे देणारा एक. दाराबाहेर काय होतं ते मला दिसत नाही." हे खरंच होतं, कारण दारातलं तोंड दिसेल एवढी फट सोडली तर काचेवर त्याने इतके कागद चिकटवले होते की बाहेर ऊन आहे की पाऊस तेही त्याला कळत नसे.

त्या दिवशी हॉलिसने दोन विटा घेतल्या. बाहेर येऊन त्याने आपल्या पिकअपची मागची फळी खाली पाडली, दोघं त्या फळीवर टेकले, आणि एक वीट तिच्या पर्समध्ये गेली. तिने नोटा मोजून त्याच्या हातात ठेवल्या. पुढच्या महिन्यात तिने बिल केलं आणि त्याने नोटा मोजल्या. मग तोच पायंडा पडला. एक महिना त्याचं नाव, एक महिना तिचं. नाव म्हणजे पहिलं नाव. ती आयडेला. तो तिला मिस आयडेला म्हणायचा, ती त्याला मिस्टर हॉलिस, आमच्याकडे म्हणतात तसं.

आडनाव त्यांनी एकमेकांना कधीच विचारलं नाही. चांदी घेणाऱ्या माणसांची ही रीतच आहे. घरात चांदी असलेला माणूस आडनाव सांगत नाही, गाव विचारलं तर भलत्याच गावाचं नाव सांगतो, आणि कुत्रा नसला तरी आहे म्हणून सांगतो. हॉलिसने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तो वॉचुलाला राहतो आणि त्याच्याकडे ड्यूक नावाचा दांडगा कुत्रा आहे. आयडेलाने सांगितलं की ती लेकलँडला राहते आणि तिच्याकडे दोन आहेत. मग दर महिन्याला कुत्र्यांची चौकशी सुरू झाली. ड्यूकला गोचीड झाले, ड्यूकने पोस्टमनची पँट फाडली, आयडेलाच्या धाकट्या कुत्र्याने अख्खा हॅम पळवला. नसलेल्या कुत्र्यांबद्दल इतकं बोलणारी दोन शहाणी माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत.

कोर्टाच्या पटांगणात पिकअप उभी असायची, तिथेच कोपऱ्यात एक म्हातारा उकडलेल्या शेंगा विकायचा. हॉलिस येतानाच एक पिशवी घेऊन ठेवायचा. आयडेला पावासारख्या मऊ बिस्किटांवर उसाची काकवी घालून ती चांदीच्या कागदात बांधून आणायची. वीट द्यायला आणि पैसे मोजायला दोन मिनिटं पुरतात, पण त्या फळीवर वीस मिनिटं जायची, मग पाऊण तास जायला लागला. ती शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगायची. कुणी खिशात भात भरून घरी न्यायचा, ती ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायची. तो खाणीतल्या गोष्टी सांगायचा, जमिनीतून निघालेल्या शार्कच्या दातांच्या. व्हर्नाबद्दल तो कोणाशी बोलत नसे, पण एकदा बोलून गेला, आणि आयडेलाने शेंगा सोलणं थांबवून सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात एक गंमत झाली. चांदीचा भाव पडला आणि दोन विटांचे मिळून चारशे शहात्तरच झाले. चोवीस डॉलर कमी पडत होते. मनोलीने एक औंसाची चांदीची चकती काउंटरवर सरकवली, रानरेड्याचं चित्र असलेली. सव्वीस डॉलर. पाचशे दोन झाले आणि कर सुटला. पण बाहेर फळीवर आल्यावर प्रश्न पडला की चकती कोणाची. दोघांनी तेरा-तेरा घातले होते.

"कापू या," हॉलिस म्हणाला.

"काही नको रेड्याला मारायला. एक महिना तुमच्याकडे, एक महिना माझ्याकडे."

तेव्हापासून चकती फिरायला लागली. आपल्याकडे असेल त्या महिन्यात हॉलिस ती शर्टाच्या वरच्या खिशात घालून हिंडायचा. तिच्याकडे असेल त्या महिन्यात खिसा हलका लागायचा आणि हात उगाचच तिथे जायचा. पहिला शनिवार जवळ आला की तो शुक्रवारीच दाढी करून ठेवायचा, आणि शनिवारी पुन्हा करायचा. त्याला आयडेला आवडत होती. एवढी साधी गोष्ट, पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ती स्वतःशी म्हणायला तीन वर्षं लागली, आणि तिच्याशी म्हणायला तर मुहूर्तच सापडेना. त्याला वाटायचं, घाई काय आहे. पहिला शनिवार आहेच. कर आहे तोवर शनिवार आहे.

आणि मग कर उठला.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मनोलीच्या काचेवर नवा कागद होता. ऑगस्टच्या एक तारखेपासून सोनं, चांदी, प्लॅटिनम, कितीही घ्या, एक औंस घ्या, विक्रीकर नाही. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं खुशीत होती. ज्या कायद्याला चार वर्षं शिव्या घातल्या तो गेला म्हणून हॉलिसही खूश झाला. आयडेलाला वाचून दाखवताना तर त्याचा आवाज चढलाच होता.

फळीवर बसल्यावर त्याने चकती खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली, पाळी तिची होती. तिने ती पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. आदल्या दिवशीच्या, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांचे कागद पटांगणभर पडले होते, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे आता तुमची सुटका झाली, मिस्टर हॉलिस."

"तर काय. बरं झालं एकदाचं. चार वर्षांची कटकट गेली."

तो कराबद्दल बोलत होता. आयडेलाने अर्धं बिस्किट तसंच कागदात गुंडाळलं, ड्यूकला नमस्कार सांगा म्हणाली आणि आपल्या छोट्या निळ्या गाडीत बसून गेली. पंधरा मिनिटंही झाली नव्हती. शेंगांची पिशवी अर्धी उरली होती. हॉलिस त्या शेंगा एकट्याने खात बसला आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात यायला घरचा अर्धा रस्ता लागला.

ठीक आहे, तो मनाशी म्हणाला, ऑगस्टमध्ये बोलू. चकती तिच्याकडे आहे, ती द्यायला तरी ती येईलच.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तो पावणेदहालाच पोचला. इस्त्रीचा शर्ट, ताज्या शेंगा. दहा वाजले, साडेदहा वाजले. आतली खुर्ची रिकामी होती. मनोलीने वीट काढून ठेवली, कराविना बिल केलं, आणि मग गल्ल्याखालून एक पाकीट काढलं. पाकिटावर 'हॉलिस' एवढंच लिहिलं होतं. आत रानरेड्याची चकती होती. चिठ्ठी नव्हती.

"कधी दिलं हे?"

"काल."

"काय म्हणाली?"

मनोलीने काउंटरची काच पुसायला घेतली. "मिस्टर हॉलिस, माझा बाप टार्पन स्प्रिंग्सला स्पंजासाठी समुद्रात बुड्या मारायचा. स्पंज कुठे सापडला ते त्याने सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नाही. मी त्याचाच मुलगा. इथे कोण आलं, काय घेतलं, काय बोललं, ते मी सांगत नाही. तुमचंही मी कोणाला सांगत नाही."

हीच गोष्ट आवडली म्हणून तर हॉलिस या दुकानात यायला लागला होता.

त्याने पाकिटाचा अर्थ एकच लावला. हिशेब मिटला, तुमचं तुम्हाला परत, राम राम. त्या महिन्यात चकती त्याच्या खिशात होती तरी खिसा हलकाच लागत होता. तो विनाकारण पिकअप काढून हिंडायला लागला. आयडेला लेकलँडला राहत नाही हे एकच त्याला नक्की माहीत होतं, कारण आपण लेकलँडला राहतो असं तिने सांगितलं होतं. म्हणून तो लेकलँड सोडून सगळीकडे हिंडला. विंटर हेवन, मलबेरी, फ्रॉस्टप्रूफ. निळी छोटी गाडी दिसली की तो पिकअप हळू करायचा, आणि आमच्या भागात निळ्या छोट्या गाड्या काय थोड्या आहेत? एकदा तर तो एका शाळेच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला, तुमच्याकडे आयडेला नावाच्या स्वयंपाकीणबाई होत्या का म्हणून. खिडकीतल्या बाईने विचारलं, आपलं काय काम होतं त्यांच्याकडे? चांदी घेणाऱ्या बाईचा पत्ता काढत फिरणारा माणूस कसा दिसतो ते हॉलिसला अचानक दिसलं. तो माफी मागून बाहेर पडला आणि त्यानंतर त्याने शोधणं सोडलं.

रविवारी नेलचा फोन आला. तिला त्याच्या आवाजावरून कळलं, तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"बाबा, चार वर्षांत तुम्ही तिचा नंबर नाही घेतला?"

"गरज पडली नाही. पहिला शनिवार ठरलेला असायचा."

"नंबर काय गरजेपोटी घेतात?"

"मग कशापोटी घेतात?"

"बाबा," नेल म्हणाली, आणि मग तिकडचं हवामान सांगायला लागली.

फोन ठेवल्यावर हॉलिस स्वयंपाकघरात बसून राहिला. समोर चकती होती. व्हर्ना गेली तेव्हा त्याला दुःख झालं होतं, पण त्या दुःखाला नाव होतं, लोक जेवण घेऊन येत होते, पादरी येऊन बसत होता. याला काय म्हणायचं? एका बाईबरोबर महिन्यातून एकदा शेंगा खात होतो, आता खात नाही, हे कोणाला सांगायचं? तरी त्याला ती हवी होती. काकवी लागलेली बोटं पुसायची तिची तऱ्हा हवी होती, हॅम पळवणारा तो खोटा कुत्राही हवा होता. कर भरावा लागला असता तर त्याने शेकडा सात काय, सत्तर भरला असता.

या विचारावर तो खुर्चीत ताठ बसला.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, तो मनोलीच्या दारात उभा राहिला. मनोलीने बटण दाबलं खरं, पण मंगळवारी हॉलिसला पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"मला एक सांगा," हॉलिस म्हणाला, "तुमच्या दुकानात अजून कर कशावर लागतो?"

मनोली त्याच्याकडे बघत राहिला. "परत म्हणा."

"चांदीवरचा गेला, मान्य. सगळा तर नसेल ना गेला? पाचशेच्या आत घेतलं तर कर आणि वर घेतलं तर माफ, असं काही उरलं आहे का?"

"परदेशातली जुनी नाणी," मनोली सावकाश म्हणाला. "ती नाणी म्हणून विकली जातात, धातू म्हणून नाही. त्यांना अजून तोच नियम आहे."

"मग मला एक जुनं नाणं दाखवा. पाचशेच्या आतलं."

मनोलीने फडकं खाली ठेवलं. "मिस्टर हॉलिस, मी सव्वीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे. कर कसा चुकवायचा हे मला रोज कोणीतरी विचारतं. अजून कर कशावर लागतो हे सव्वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं." तो थांबला, काचेवरच्या कागदांकडे बघितलं, जणू बाहेर कोणी ऐकत होतं. "या महिन्यात विचारणारे तुम्ही दुसरे."

हॉलिसने काउंटरची कड धरली.

"मी काही सांगितलेलं नाही," मनोली म्हणाला. "मी फक्त माझ्या धंद्याबद्दल बोलतो आहे." त्याने खालचा कप्पा ओढला आणि मखमलीच्या तुकड्यावर एक काळपट नाणं ठेवलं. "हे मेक्सिकोचं. दोनशे ऐंशी. पण हे नाही देता येणार तुम्हाला. एका गिऱ्हाइकाने बाजूला ठेवायला सांगितलं आहे. एकटं घेतलं तर कर लागेल म्हणून घेतलं नाही. पहिल्या शनिवारपर्यंत ठेवा, कोणी जोडीला निघालं तर बघू, असा निरोप आहे."

"मग दोनशे वीसच्या वरचं काय आहे?"

"पेरूचं एक आहे. दोनशे तीस. जुनं आहे, कडेला जरा झिजलंय, बघून घ्या—"

"ठेवा बाजूला," हॉलिस म्हणाला. त्याने नाण्याकडे पाहिलंही नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तो नऊ वाजता येऊन बसला. शेंगावाल्याची शेगडीही पेटली नव्हती. दहाला दहा मिनिटं कमी असताना छोटी निळी गाडी पटांगणात वळली. आयडेला उतरली, हातात चांदीच्या कागदाचं पुडकं होतं, आणि ती त्याच्यापासून चार पावलांवर थांबली.

"या महिन्यात बिल कोणाच्या नावावर?" तिने विचारलं.

"तुमच्या. जुलैत माझं होतं, ऑगस्ट बुडाला."

"ऑगस्ट मी नाही बुडवला. चकतीची पाळी तुमची होती, म्हणून ती पोचवली. समोर येऊन द्यायचा धीर झाला नाही. कटकट गेली असं तुम्हीच म्हणालात."

"मी कराला म्हणालो."

"मला काय माहीत."

दोघं आत गेले. मनोलीने दोन्ही नाणी एका बिलात घातली. पाचशे दहा झाले, कर माफ झाला. तो सगळा वेळ अत्यंत गंभीर होता आणि बिलाचा कागद दोनदा चुकला. बाहेर येऊन हॉलिसने फळी पाडली. तिने पेरूचं नाणं त्याला दिलं, त्याने नोटा मोजल्या, मग खिशातून चकती काढून तिच्या हातावर ठेवली. एवढ्यात त्याचं सगळं काम संपलं होतं आणि हातात धरायला काही उरलं नव्हतं.

"रॉलरसन," तो म्हणाला.

"काय?"

"माझं आडनाव. हॉलिस रॉलरसन. वॉचुलाला राहत नाही मी. फोर्ट मीडला, पाण्याच्या टाकीच्या मागे, हिरव्या पत्र्याचं घर. एकटाच असतो. कुत्रा नाही."

आयडेलाने पुडकं सोडलं आणि एक बिस्किट त्याच्यापुढे केलं. "ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. इतक्या दांडग्या कुत्र्याचा एक केस कधी तुमच्या पँटीवर दिसला नाही." तिने बोटाला लागलेली काकवी रुमालाला पुसली, सावकाश, एकेक बोट. "आणि चांदी कुठे ठेवता?"

हॉलिसने तेही सांगितलं.